आजोळची पेटी

मैत्रिणींनो, वैशाख आला की तुमच्याही घरी आंब्याची पेटी येते ना? माझ्या माहेरी, सांगलीला, ती रत्नागिरीहून यायची. आईच्या वडिलांनी धाडलेली. यंदा कितीतरी वर्षांनी आजोळी जाऊन आले, आणि त्या पेटीची खरी किंमत मला आता कुठं कळली.

लहानपणी आम्ही आंबा घाटातून एस.टी.नं जायचो, वळणावळणांवर उलट्या करीत! मुंबईचे नातेवाईक बोटीनं यायचे, तेही पावसाळा सोडून. १९९८ पासून कोकण रेल्वे थेट धावू लागली. मी आता ठाण्याला असते, तेव्हा सकाळी गाडीत बसले नि दुपारी रत्नागिरीत उतरले. रिक्षानं भाट्याचा पूल ओलांडला. उजव्या हाताला समुद्र, सुरूचं बन. मग चढ लागला आणि गोळपच्या पुढं आजोबांची बाग दिसली.

तो सडा म्हणजे नुसता कातळ हो! आजोबांनी तिथं सुरुंग लावून खड्डे फोडले, खालून पाट्यांनी माती वाहिली आणि चाळीस कलमं लावली. पहिले उन्हाळे विहिरीचं पाणी घालायचं. त्यांच्या खांद्यावर कावड, आजीच्या डोक्यावर हंडा. घरात स्वतःची चार मुलं, शिवाय वारलेल्या भावाची दोन. सगळ्यांची शिक्षणं, लग्नं याच झाडांवर. आणि हापूस तर एक वर्ष भरभरून देतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. आम्ही मुलं डागी आंबे खायचो. चांगला आंबा पेटीत. आजोबांनी स्वतः अख्खा, बिनडागी आंबा खाल्लेला मला आठवत नाही.

हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, ठाऊक आहे ना? पूर्वी रायवळ कोयीचं रोप कुंडीत वाढवून ते हापूसच्या फांदीला बांधायचे. दोन-तीन महिन्यांनी दोघांचा जीव जुळला की फांदी आईच्या झाडापासून तोडायची. हे भेट कलम. फांदी माहेरची, मूळ परक्याचं!

रात्री ओटीवर बसलो असताना मामीनं एक जुनं पोस्टकार्ड आणून दिलं. माझ्या आईचं अक्षर. ‘आंबे पोचले. यंदा जरा लहान निघाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण माझ्या लक्षात आलं.’

“अगं, त्या साली माघात पाऊस पडला नि मोहोर काळा पडला,” मामी सांगू लागली. “आपल्या बागेत पेटीभरसुद्धा आंबा नव्हता. मामंजी आठ दिवस शेजारच्या बागेत आंबे उतरवायला गेले, मजुरीवर. पैसे घेतले नाहीत, आंबे घेतले. सासूबाई म्हणाल्या, लग्नाला दहा वर्षं झाली, एक साल नाही धाडली पेटी तर काय होतंय? तर म्हणाले, परक्या मुळावर बांधलेलं कलम आहे ते. पाणी घालायला नको?”

साठीला आलेला बागायतदार माणूस, हातात घळ घेऊन दुसऱ्याच्या झाडावर! लेकीची मान सासरी खाली जाऊ नये म्हणून. आणि एवढं करून वर ते कार्ड वाचायचं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. कार्ड मात्र जपून ठेवलं. आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती आता नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

निघताना मामीकडून दोन पेट्या घेतल्या, एक घरासाठी, एक लेकीसाठी. तिच्या लग्नाला दोन वर्षं झालीत. फोनवर म्हणाली, “आई, कशाला ओझं आणतेस? इथं सगळं मिळतं.” मिळतं गं बाई. तरी मी पेटी नेऊन दिलीच. भाताच्या पेंढ्यात अढी कशी घालायची, कच्चे आंबे फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत, तेही बजावलं. आणि पणजोबांची गोष्ट सांगितली.

तुमच्याही माहेराहून काही आलं आणि जरा कमी वाटलं, तर लगेच बोलू नका, बरं का. त्याच्यामागं कुणाचे आठ दिवस असतील, सांगता येत नाही.