झाकण गोल का असतं?

मॅनहोलचं झाकण गोलच का असतं? कॅम्पस इंटरव्ह्यूच्या मोसमात आमच्या अख्ख्या हॉस्टेलला याचं उत्तर पाठ होतं. चौकोनी झाकण तिरकं धरलं तर कर्णाच्या बाजूने आत पडतं, गोल पडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींमुळे हे कोडं जगभर गाजलं होतं. तेव्हा अ‍ॅप्टिट्यूड, जीडी, टेक्निकल, एचआर असं सगळं एका दिवसात उरकायचं आणि संध्याकाळी यादी लागायची.

पुढे हिंजवडीत शनिवारच्या वॉक-इनला, दहावीच्या मार्कशीटपासूनची फाइल काखेत मारून रांगेत उभा राहिलो. कोड्यांची जागा आता प्रोग्रॅमिंगमधल्या लिंक्ड लिस्टने घेतली होती. ती कागदावर पेनाने उलटी करून दाखवायची. गूगलमध्ये नोकरभरतीची जबाबदारी सांभाळणाऱ्या लॅस्लो बॉक यांनी २०१३मध्ये जाहीरच केलं, की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. कोडी गेली, पण २०१५मध्ये ‘होमब्रू’ या सॉफ्टवेअरचा कर्ता मॅक्स हॉवेल याने ट्विट केलं : गूगलचे बहुतेक इंजिनिअर माझंच सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून मला नकार!

चाळिशीत नोकरी बदलायला निघालो, तेव्हा एका दिवसाचं काम महिनोन्‌महिने लांबलं होतं. मुलं झोपली की कोडिंगच्या सरावासाठी लीटकोड उघडायचं. ऑनलाइन टेस्ट, कोडिंगचे राउंड, मग सिस्टिम डिझाइन, मग मॅनेजर, मग त्याचा मॅनेजर. दर वेळी एचआरचा तोच निरोप, ‘फीडबॅक आला की कळवते.’ त्यात नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड ऐकला की पलीकडचा आवाज पडायचा. सगळ्यांना उद्याच रुजू होणारा माणूस हवा. रोज मी करतो काय? दुसऱ्याचा जुना कोड वाचतो, रात्री सर्व्हर झोपला की लॉग चाळतो, नव्या पोरांना समजावून सांगतो. यातलं एकाही राउंडमध्ये कुणी विचारलं नाही.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो. उमेदवाराला आमचाच एक बिघडलेला प्रोग्रॅम देतो आणि तो चूक कशी शोधतो, ते पाहतो. निर्णयाला चार मुलाखती पुरतात, हे गूगलने स्वतःचीच आकडेवारी तपासून सांगितलं आहे. तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनो, चार राउंडमध्ये ठरवा, आणि नकार असेल तर तोही दोन ओळींत कळवा. समोरच्याने मुलाखतीसाठी रजा टाकलेली असते.