आधी टोच्या, मग मशीन

खाडीकाठच्या घरांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या आम्हा चुलत-मावस भावंडांची मे महिन्याची सुट्टी आंब्यांइतकीच लाकडाच्या भुशात गेली. अंगणात होडी पालथी पडलेली असायची आणि मेस्त्रीकाका टोच्या घेऊन तिच्याभोवती फिरायचे. घट्ट लाकडात टोच्या अडायचा. कुजलेल्या जागी मात्र बोटभर सहज आत शिरायचा. तिथे खडूने फुली मारायचं काम आम्हा पोरांचं, त्यावरून भांडणं ठरलेली.

होडी कुजते ती बहुतेकदा पावसाच्या पाण्याने. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात खरे, पण कुजवणारी बुरशी वाढते ती गोड्या पाण्याच्या ओलीवर. म्हणून फुल्या पडायच्या त्या वरच्या काठाला, फळीच्या टोकांशी आणि गंजलेल्या खिळ्यांभोवती. झावळ्यांनी शाकारलेली होडी वरून कोरडी दिसली, तरी आत वारा नसला की घात व्हायचा.

मग वाकस, पटाशी, मोगरी. पुढे कुणाच्या तरी घरी रॅलीवुल्फचं ड्रिल आलं. पडवीतून वायर ओढायची आणि मोठ्यांनी ओरडायचं, ‘लांब व्हा रे!’ गिरमिटाने भोक पाडताना दंड भरून यायचे, ते काम चुटकीसरशी होऊ लागलं. मेस्त्रीकाकांना ड्रिल आवडलं. ग्राइंडर आला तेव्हा मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं. त्यांचं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. ग्राइंडरची चकती लाकूड घासते, तापवते, काळं करते. चांगलं कुठे संपलं आणि कुजकं कुठे सुरू झालं, ते त्या काळ्या थराखाली दिसेनासं होतं. ग्राइंडर रंग आणि गंज काढायला ठेवावा.

फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडी होड्या मागे पडल्या. आता आमच्यातले काही जण आजोबांच्या होड्या पुन्हा उभ्या करायला निघालेत. ग्रुपवर रोज विचारणा, मशीन कुठलं घेऊ? माझं उत्तर ठरलेलं. पहिलं मल्टीटूल घ्या. त्याचं पातं फिरत नाही, थरथरतं, त्यामुळे आतल्या वाकड्या लाकडाला धक्का न लावता कोपऱ्यातला कुजका भाग सुटतो. लांब सरळ कापासाठी सर्क्युलर सॉ, पण पात्याची खोली फळीच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवा. उरलेलं पटाशीने तोडा. आधी खिळे शोधा, नाहीतर पातं गेलंच म्हणून समजा. कुजक्या भागापलीकडे चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, ओळखायला टोच्याच. नवा तुकडा तिरक्या सांध्याने बसवायचा तर इंचभर जाडीच्या फळीला आठ ते बारा इंचांचा उतार धरा. तो उतार मात्र रंध्यानेच जुळवा.

पाण्याजवळ काम असेल तर १८ व्होल्टची बॅटरीवरची मशिनं बरी. वायरचीच वापरायची असतील तर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी लावल्याशिवाय प्लग घालू नका. आणि जुन्या रंगाची धूळ उडते तेव्हा तोंडाला रुमाल पुरत नाही, मास्क बांधा.

तुमच्या घरी अशी होडी पडून असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आत तिच्या काठाला टोच्या लावून बघा. मशिनाचं दुकान त्यानंतर.