विडंबना आणि विडंबन

दिल्लीत इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तीन भाषांच्या परिभाषेत वावरावे लागते. ग्रंथ इंग्रजी, भोवतालची चर्चा हिंदी आणि मनातली जुळणी मराठी. हिंदी व मराठी यांची लिपी एक, पुष्कळ संज्ञांचे मूळही संस्कृत. म्हणून त्यांचे अर्थही एकच असतील असे तो गृहीत धरतो. फसगत होते ती इथेच.

‘आयरनी’ला हिंदीत ‘विडंबना’ हा पर्याय रूढ आहे. मराठी वाचकाला त्या शब्दासरशी केशवकुमारांची १९२५ सालची ‘झेंडूची फुले’ आठवतात. कारण मराठीत विडंबन म्हणजे पॅरडी, दुसऱ्याच्या शैलीचे खोडकर अनुकरण. आयरनीला अनुकरणाची गरज नसते. तिथे महत्त्व असते ते अंतराला: उच्चारलेले आणि अभिप्रेत यांतील, किंवा पात्राला ठाऊक असलेले आणि प्रेक्षकाला ठाऊक असलेले यांतील. सोफोक्लीझच्या नाटकात ईडिपस राजा लायसच्या मारेकऱ्याला शाप देतो. तो शाप आपण स्वतःलाच देत आहोत हे त्याला ठाऊक नसते, प्रेक्षकाला असते. येथे विडंबन शोधू जाणाऱ्याच्या हातून शोकांतिकेचा गाभाच निसटतो. ‘उपरोध’ म्हणूनही भागत नाही. उपरोधाला बोलणाऱ्याचा हेतू लागतो, आणि ईडिपसच्या मनात तसा काही हेतू नाही.

इतर संज्ञांचीही हीच गत. हिंदीतील ‘कहानी’ म्हणजे आधुनिक लघुकथा. मराठीतील ‘कहाणी’ मात्र श्रावणात व्रताच्या निमित्ताने वाचली जाते. ‘मेटॅफर’ला आपण ‘रूपक’ म्हणतो. पण संस्कृत नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे नाट्यप्रकार, आणि धनंजयाच्या दहाव्या शतकातील ‘दशरूपक’ या ग्रंथाचे नाव त्याच अर्थाने आहे.

संज्ञा म्हणजे नाणे नव्हे, की एका भाषेतले देऊन दुसरीतले तेवढ्याच किमतीचे घ्यावे. प्रत्येक संज्ञेला तिच्या भाषेतील वाचनाचा इतिहास चिकटलेला असतो. एम. एच. एब्रम्स यांच्या १९५७ सालच्या इंग्रजी संज्ञाकोशाची मांडणी छोट्या निबंधांची आहे. तेथे संज्ञा उदाहरणांसह उलगडत जाते. परीक्षेपुरती व्याख्या पाठ करता येते. परंतु व्याख्या येते आणि ईडिपसचा शाप ऐकू येत नाही, अशा विद्यार्थ्याजवळ शब्द असतो, संज्ञा नसते. तीन भाषांत वावरणाऱ्याला ही तफावत लवकर जाणवू शकते. दिल्लीतील मराठी विद्यार्थ्याची अडचण तीच त्याची मिळकत ठरावी.