बंदूक स्वस्त, वारा महाग

काटकसर हा आपल्या मध्यमवर्गाचा कुळाचार आहे. आणि इतर कुळाचारांप्रमाणेच त्याचे मर्म विसरून विधी तेवढा पाळण्याकडे आपला कल असतो. दहा दुकाने हिंडून सर्वांत कमी किमतीची वस्तू घरी आणली की काटकसर साधली, असे आपण समजतो. ती वस्तू घरात आल्यावर आपल्याकडून आणखी काय काय मागणार, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. लाकडाला लॅकर मारण्यासाठी मी एक स्प्रे गन घ्यावयाचे ठरविले, तेव्हा हा हिशेब मांडल्याशिवाय गत्यंतरच उरले नाही.

सुतारकाम हा माझा सुटीतला विरंगुळा. पुस्तकांसाठी मी सागवानी कपाटे तयार केली. लॅकर इतके झटपट वाळते की कुंचला दुसऱ्यांदा फिरवावा तो त्याचे ओरखडे उमटतात. तेव्हा फवारा हवाच.

या फवाऱ्याची वंशावळ मोठी मौजेची आहे. अमेरिकेतील टोलेडो गावच्या डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी रोग्यांच्या घशात औषध उडविण्याचे उपकरण काढले व १८८८ मध्ये त्याचा कारखाना घातला. पुढे १९०७ मध्ये त्यांचे चिरंजीव टॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंगाची बंदूक केली. तत्त्व साधे आहे: वेगाने सुटलेली हवा द्रवाचे बारीक कण करते. म्हणजे खरे काम हवेचे. बंदूक तिला केवळ वाट दाखविते.

दुकानात मात्र चर्चा चालते ती बंदुकीचीच. विपुल हवा आणि अल्प दाब या तत्त्वावरच्या बंदुका गुणाने चांगल्या खऱ्या. त्यांच्या तोंडाशी दाब दर चौरस इंचास १० पौंडांहून अधिक नसतो. त्यामुळे लॅकर हवेत उडून वाया जाण्याऐवजी बरेचसे लाकडावर बसते. परंतु त्यांतील मोठ्या बंदुकीस मिनिटाला १० घनफूट किंवा त्याहून अधिक हवा लागते, आणि एक अश्वशक्तीचा घरगुती कॉम्प्रेसर ३-४ घनफुटांवरच दमतो. शिवाय त्याच्या खोक्यावरचा आकडा पुष्कळदा यंत्र किती हवा आत ओढते याचा असतो, बाहेर किती देते याचा नव्हे. अशी बंदूक स्वस्तात मिळाली, तरी तिला पुरेल एवढ्या वाऱ्याची किंमत तिच्या कितीतरी पट होते.

म्हणून मी आधी वारा मोजला आणि मग बंदूक निवडली: थोड्या हवेवर चालणारी, १.३ मिलिमीटर छिद्राची, वर पेला असलेली. पेला वर असला म्हणजे द्रव स्वतःच्या वजनानेच खाली उतरतो व तळाशी फारसा वाया जात नाही. “सर, याहून स्वस्त आहे,” दुकानदार म्हणाला. होती, पण तिचे छिद्र जाड रंगासाठी होते.

घरी सौभाग्यवतींनी वेगळाच मुद्दा काढला. “अहो, बंदुकीचा वारा मोजलात, तुमच्या श्वासाचे काय?” प्रश्न बिनतोड होता. थिनरची वाफ साध्या धूळरोधक मुखपट्टीने अडत नाही. त्यास कोळशाच्या गाळणीचा मुखवटा लागतो, मोकळी जागा लागते, आणि आसपास ठिणगी वा ज्योत चालत नाही. मुखवट्याचा खर्च मी बंदुकीच्या किमतीतच धरला. काटकसरीची कात्री जेथे मुळीच चालवू नये, अशी ही जागा.

कपाटे चकचकीत झाली, तेव्हा कन्येने विचारले, “बाबा, आजोबांच्या टेबलालाही हेच मारायचे?” मी नको म्हटले. त्या टेबलावर लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने ते पुन्हा विरघळते; ओरखडा पडला तर उद्या कोणीही कापसाच्या बोळ्याने तो भरून काढील. लॅकरचे थर एकदा चढले की मूळ पॉलिश त्यांखाली गडप होते, आणि पुढे ते वेगळे काढणे जिकिरीचे. नवीन कपाटे माझी आहेत, त्यांच्यावर माझी हौस खुशाल चालावी. टेबल माझ्याकडे केवळ सांभाळायला आले आहे. ते दुरुस्त करण्याची सोय पुढच्यांसाठी राखणे मला परवडणाऱ्या वस्तूंपैकीच एक वाटते.