राणी बोर्डावरच होती

आमच्या मोहल्ल्यात रमजानच्या रात्री तरावीहनंतर चौकात कॅरम लागायचा. वर टांगलेला बल्ब, बोरिक पावडर आणि पार सहेरीपर्यंत सोंगट्यांची टकटक. तिथे मुलींना जागा नव्हती. मी गॅलरीतून बघायचे. अब्बांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ईद झाल्यावर त्यांनी एक जुना बोर्ड घरी आणला आणि दुपारी मला समोर बसवलं. बोट कसं सोडायचं, कट कसा मारायचा, सगळं त्यांनी शिकवलं. मोठ्या सामन्याआधी डोकं कसं सांभाळायचं, ते मात्र राहून गेलं.

पुढे बी.एड. झालं, नोकरी लागली. शिक्षकांच्या एका स्पर्धेत मी महिला एकेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत सराव केला, तोही कधी न खेळलेल्या फटक्यांचा. मग अंथरुणावर पडून ढाल कपाटात कुठे ठेवायची ते ठरवत बसले.

तिसरा सेट, आठवा म्हणजे शेवटचा बोर्ड. मी २२, समोरची २१. कॅरम न खेळणाऱ्यांसाठी सांगते: सेट २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो. राणीचे तीन गुण, पण तुम्ही २२ वर पोचलात की ते तुम्हाला मिळत नाहीत. म्हणजे गुणांसाठी मला राणीचा काही उपयोग नव्हता, आणि तेवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. माझी एकच सोंगटी उरली होती, पॉकेटच्या अगदी तोंडाशी. तिच्या चार होत्या. मनात मी स्टाफरूममध्ये पेढे वाटायलाही लागले होते. सोंगटी घातली.

राणी अजून बोर्डावरच होती.

राणी शिल्लक असताना आपली शेवटची सोंगटी घातली की बोर्ड गेला, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते वीस वर्षं ठाऊक होतं. पंचांनी हात वर केला तेव्हाही मला क्षणभर कळेना की झालं काय. त्या दिवशी अब्बा पहिल्यांदाच माझा सामना बघायला आले होते. परतीच्या एसटीत ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग एवढंच म्हणाले, "बेटा, रानी तेरे काम की नहीं थी, मगर बोर्ड पर तो थी."

हे सगळं आता आठवायचं कारण माझी नववीतली एक विद्यार्थिनी. जिल्हा जिंकली, उद्या विभागीय सामना आहे. हात असा मऊ की कधीकधी मला हेवा वाटतो. तिचे वडील टेम्पो चालवतात. त्यांनी सांगितलंय, जिंकली तर पुढचं बघू, नाहीतर हा नाद बंद.

मला वाटलं, हिला उभारी द्यावी. म्हणून चेन्नईच्या काझिमाची गोष्ट सांगितली. रिक्षाचालकाची मुलगी, २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदकं. पोरीचे डोळे चमकले आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा हात जड झाला! सोप्या सोंगट्या पॉकेटच्या कडेवर आपटून परत येऊ लागल्या. तिच्या मनात ढाल, अमेरिका आणि वडील असं सगळं एकदम शिरलं होतं आणि त्यातलं निम्मं मीच घातलं होतं. आम्हा शिक्षकांना ही खोडच असते, मुलाला घाबरलेलं बघितलं की लगेच एखाद्या थोर माणसाचं उदाहरण द्यायचं.

मग काझिमाचं नाव काढणं बंद केलं. नवे फटके बंद. प्रत्येक फटक्याआधी मनात तीन प्रश्न: राणी कुठे? माझ्या किती? तिच्या किती? एक श्वास सोडायचा आणि मगच स्ट्रायकरला बोट लावायचं. फटक्याला १५ सेकंद मिळतात. घाई नसेल तर ती पुष्कळ असतात. आठवडाभर मी समोर बसून मुद्दाम खोकले, फोन वाजवला, दार आपटलं. ती चिडली, मग हसायला लागली, मग तिला ऐकूच येईना.

परवा तिने विचारलं, "टीचर, जीतने की दुआ मांगूं क्या?"

मी म्हटलं, समोरचीही मागत असेल. तिला काय हरव म्हणून सांगणार? हात थरथरू नये एवढं माग. हे उत्तर तिला फारसं पटलेलं दिसलं नाही. मलाही त्या दिवशी पटलं नसतं.

काल संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडिलांना म्हटलं, भाईजान, खेळायचं की नाही ते नंतर ठरवा, पण उद्याच्या सामन्यावर ते टांगू नका. पोरगी सोंगटी बघेल की तुमचा चेहरा? ते काही बोलले नाहीत. तिच्या अम्मीने चहा आणला. मी निघाले तेव्हा ते चप्पल घालून दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मैं आऊं तो चलेगा? पीछे बैठूंगा."

मी हो म्हटलं. रात्रभर विचार करतेय की बरोबर केलं का. सहाची एसटी आहे. पावडरचा डबा पिशवीत टाकलाय, तिचा स्ट्रायकर तिच्याकडेच आहे.