सातारा-सांगली : उसाचे प्लास्टिक आणि आपली माणसे

गेल्या विद्यार्थी दिनाला आम्ही चौदा-पंधरा समाजबांधव पॅसेंजर गाडीने पुण्याहून साताऱ्याला निघालो. सोबत वस्तीतील एक मुलगी होती. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते. आम्ही पडलो बी.कॉम.; जमा-नावेपलीकडे आमची धाव नाही. त्यामुळे प्रवासभर तीच आमची शिक्षिका झाली.

जेजुरी आली तशा सगळ्यांच्या माना गडाकडे वळल्या. मुलगी म्हणाली, "काका, इथे साखरेपासून प्लास्टिक करतात." आम्हाला थट्टाच वाटली. पण गोष्ट खरी आहे. प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचा बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प ऑक्टोबर 2024 मध्ये जेजुरीला सुरू झाला. साखरेच्या द्रावणात जीवाणू सोडतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही आंबट होते ते याच आम्लाने. मग त्या आम्लाचे रेणू एकाला एक जोडत न्यायचे. "आपल्या गाडीसारखेच," ती म्हणाली, "एकेक डबा म्हणजे रेणू, आणि डब्याला डबा जोडून झालेली लांब गाडी म्हणजे पॉलिमर." कापूस, रेशीम, रबर या निसर्गाने जोडलेल्या अशाच गाड्या. साखरेच्या या गाडीला पॉलिलॅक्टिक ॲसिड, थोडक्यात पीएलए म्हणतात.

साताऱ्यात उतरून प्रथम शाळेला वंदन केले. त्या काळचे सरकारी हायस्कूल म्हणजे आजचे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाल भिवाचे नाव येथे दाखल झाले. रजिस्टरात 1914 या क्रमांकापुढे ती नोंद आहे. 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. माता भीमाईंच्या स्मारकापाशी सामुदायिक त्रिसरण-पंचशील घेतले आणि दुसऱ्या दिवशी सांगलीची गाडी धरली.

वाटेत मसूर लागते. हे स्टेशन पाहण्यासाठी आम्ही खिडकीची जागा धरून बसलो होतो. 1901 साली बाबासाहेब भावाभाच्यांसह पाडळीला गाडीत बसून मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला तलावाच्या कामावर खजिनदार होते. गाडी सुटण्यापूर्वी मुलांनी खाऊच्या पैशातून लेमोनेडची एकेक बाटली घेतली. ही शेवटची मौज. मसूरला जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल आपणच हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. डबा होता, पण पाणी कोणी देईना; मुले उपाशी झोपली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ही हकीकत आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी मुलांकडून वाचून घ्यावी.

मसूरच्या फलाटावर आमच्या प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली होती. ती कोणीही, कोणालाही, पैसे टाकले की मिळते. जात विचारत नाही. प्लास्टिकचा हा एक गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

कऱ्हाड सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. हंगामाच्या तोंडावर बीडकडची कोयत्याची माणसे येऊन कोप्या घालू लागली होती. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि टनावर मजुरी. या उसाच्या साखरेतून उद्या बाटल्या आणि पेले निघणार असतील, तर त्या हिशेबात पहिली रक्कम या माणसांच्या घामाची मांडावी लागेल. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्स या साखर कंपनीने 2024 मध्ये पीएलएच्या मोठ्या कारखान्याची घोषणा केलीच आहे.

आमची समजूत अशी, की उसाचे आहे म्हणजे चिपाडासारखे कुजणार. मुलीने ती खोडून काढली. ब्राझीलमध्ये 2010 पासून उसाच्या अल्कोहोलचे पॉलिथिन बनते. ते खनिज तेलाच्या पॉलिथिनइतकेच चिवट, अजिबात कुजत नाही. पीएलए कुजते, पण त्याला खताच्या मोठ्या ढिगातील साठेक अंशांची ऊब आणि ओल लागते. कृष्णेत पडले तर ते वर्षानुवर्षे तसेच राहील. 2019 आणि 2021 चे महापूर सांगलीने पाहिले आहेत. पूर ओसरल्यावर काठच्या झाडांवर काय लोंबकळते, हे तेथील माणसाला सांगायला नको.

रात्री सांगलीत एका विहारात मुक्काम होता. मागच्या वस्तीतील एक मावशी भंगार वेचून संसार चालवतात. त्या वंदनेला आल्या होत्या. मुलीने त्यांना पीएलएचा एक पारदर्शक पेला दाखवला. मावशींनी तो दाबून, कानाशी धरून पाहिला आणि विचारले, "पोरी, भंगारवाला ह्याचं काय देईल?"

मुलगी गप्प झाली. पाण्याची बाटली पेटची असते, बुडाशी त्रिकोणात 1 हा आकडा असतो. तिला भाव आहे, कारण ती वितळवून तिचा धागा होतो. पीएलए दिसायला हुबेहूब तसेच, पण पेटमध्ये थोडे जरी मिसळले तरी सगळा माल बिघडतो. माल परत आला की तोटा पोतेवालीचा. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. कुजणारे प्लास्टिक तीतून वगळले आहे. ही सवलत कारखानदाराला मिळाली. निवडणारीच्या हाती काय आले, ते कोणत्याही वहीत दिसत नाही. प्रयोगशाळांत पेटची गाडी पुन्हा सुट्या डब्यांत मोडण्याचे काम चालू आहे. 2016 साली जपानी शास्त्रज्ञांनी पेट खाणारा जीवाणूही जगापुढे मांडला. मावशींच्या पोत्यापर्यंत यातले काही पोहोचलेले नाही.

मग मुलीने विहाराच्या स्वयंपाकघरात साखरेचा घट्ट पाक करून थंड केला. त्यात दोन तुकडे दाबून बुडवले, एक बाटलीचा, एक पेल्याचा. बाटलीचा पेट जड, तो हळूहळू तळाला गेला. पेल्याचा पीएलए हलका, तो वर आला. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. पाक मात्र त्यांना वेगळे करतो. आम्ही सगळे थक्क होऊन बघत राहिलो.

मावशींनी पातेल्यात डोकावून पाहिले. "व्हय गं, झालं वेगळं," त्या म्हणाल्या, "पर एवढी साखर मी भंगारात ओतू का चहात?"

मुलीने मीठ, गूळ आणि मळी ही तीन नावे वहीत लिहून घेतली. परतीच्या गाडीत ती काहीतरी आकडेमोड करत होती. मसूर कधी गेले ते तिला कळलेही नाही.