रोज एक तांब्या पाणी

आमच्याकडे 2004 ची मारुती एस्टीम आहे. पासिंग अर्थातच एमएच-23, बीड. एस्टीम बनणं 2007 मध्येच थांबलं, आमची मात्र चालू आहे, आणि याचं सगळं श्रेय अण्णा स्वतःकडे घेतात. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, रेडिएटरमध्ये तांब्याभर बोअरचं पाणी ओतायचं, फडका मारायचा. एकवेळ देवपूजा चुकेल, हे नाही.

2023 च्या मे महिन्यात आम्ही तिघं अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो. भर दुपार, एसी चालू, आणि मांजरसुंब्याच्या घाटात काटा लालाकडे सरकला. गाडी बाजूला घेतली तर अण्णा लगेच कॅन घेऊन झाकणाकडे. मी ओरडलोच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर. मंडळी, गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल झालं की उसळून थेट तोंडावर येतं. पाऊण तास आम्ही झाडाखाली बसलो, कोणी कोणाशी बोललं नाही. आईने चिवडा काढला.

मिस्त्रीने रेडिएटर उघडला तर आत गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर. शिवाय थर्मोस्टॅट गायब! आधी कोणीतरी 'गाडी गार राहते' म्हणून काढून टाकलेला. (एरर येतो म्हणून आमच्याकडे कोडची ओळच कॉमेंट करतात, तसं.) पण खरा घोळ वॉटर पंपाचा, सील गळत होतं. पाणी आधी आठवड्याला कमी व्हायचं, मग रोज. ते जातं कुठे, हे कोणी विचारलंच नाही. मीही नाही. सुट्टीला आलो की तांब्या भरून मीच तर द्यायचो!

नशीब, हेड वाचलं. ते ॲल्युमिनियमचं, फार तापलं की वाकतं, आणि मग खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. पंप, थर्मोस्टॅट, कडक झालेले होजपाइप बदलले. टायमिंग बेल्ट उतरवलाच होता म्हणून तोही नवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं.

टायरवरून मात्र भांडण झालं. "नक्षी आहे की अजून!" टायरच्या बाजूला चार आकडे असतात. आमच्यावर 1415, म्हणजे 2015 चा चौदावा आठवडा. आठ वर्षांचं रबर, बारीक भेगा पडलेल्या. वाचून दाखवल्यावर गप्प बसले.

आताही अण्णा रोज बॉनेट उघडतात, कूलंटच्या टाकीवरची खूण बघतात आणि बंद करतात. परवा फोनवर म्हणाले, "सकाळी करमत नाही रे." पाण्याचा कॅन डिकीतून काढलेला नाही. घाटात कुणाला लागला तर, म्हणे.